भाऊंच्या कानातला बेडूक

दादूस, तो मासा नव्हताच.

घे, बोललो एकदाचं. दोन वर्षं घशात अडकलं होतं. तुला समोर बसवून, तुझ्या हातात चहाचा कप देऊन सांगायचं होतं. पण तू हसशील की बांबू घेऊन मागे लागशील, याचा अंदाज घेता घेता मी एकेक रविवार पुढे ढकलत गेलो, आणि एका गुरुवारी तूच निघून गेलास. ऑफिसात फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? लाज वाटते, पण सांगतो. ‘अरे, आता हे कुणाला सांगणार?’ रडू त्यानंतर आलं, बेलापूरच्या ऑफिसच्या जिन्यात, आणि तेही अर्धवटच, कारण नेमका त्याच वेळी चहावाला वर आला.

आपली पहिली भेट तू सांगायचास तशी कुणालाच सांगता येत नाही. पण आता तू नाहीस, म्हणजे माझी बेअब्रू मलाच करावी लागणार. उलव्याच्या फ्लॅटमधून भल्या सकाळी निघून मी तुमच्या गावच्या तलावावर आलो होतो. अंगात चौदा खिशांचं जाकीट, डोक्यावर टोपी, डोळ्यांवर गॉगल, हातात ऑनलाइन मागवलेली कार्बनची काठी, खिशात सहा रबरी बेडूक. महिनाभर मोबाइलवर व्हिडिओ बघून मला मरळ पकडण्याचं संपूर्ण ज्ञान झालेलं होतं. मरळ पाण्यातल्या पानांखाली दबा धरून बसते, वरून बेडूक चालला की खालून उसळी मारते. म्हणून पोकळ रबरी बेडूक घ्यायचा, त्याच्या पाठीवर दोन गळ चिकटून असतात, आणि दोरीने ओढत ओढत त्याला पानांवरून टुणटुण चालवत आणायचं. एवढंच तर आहे! मी काठी झोकात मागे नेली, त्याहून झोकात पुढे फेकली, आणि रिळातली दोरी भसाभसा बाहेर येऊन तिचं कावळ्याचं घरटं झालं. बेडूक कुठे गेला म्हणून मी पाण्यात शोधत होतो. तो माझ्या टोपीला लटकत होता.

पलीकडच्या काठावर तू लुंगी आवरून उकिडवा बसला होतास. शेजारी बांबूची काठी. तोंडावर अगदी सभ्य, गंभीर भाव.

मी उगाच रुबाब सावरत विचारलं, “काका, इथे मासे आहेत का?”

“हायेत की,” तू म्हणालास, “तुजी वाट बगून कंटालले.”

तासाभरात तू माझं घरटं सोडवून दिलंस आणि वर दमही दिलास, “आमच्यात तुमी-बिमी नाय चालत. तू बोल. दादूस बोल.” मग तुम्ही मला काय म्हणणार, असं मी विचारलं, तर तू माझे चौदा खिसे एकेक करून पाहिलेस आणि म्हणालास, “सायेब.” दादूस, त्या ऑफिसात मी आवक-जावकच्या टेबलावर बसतो. तिथे मला शिपाईसुद्धा नावाने हाक मारतो. आयुष्यात मला साहेब म्हणणारा तू एकटा होतास, आणि तोही हसायला यावं म्हणून.

मला मासे का मिळत नव्हते, हे तू पहिल्याच दिवशी ओळखलंस. पाणी फुटलं की माझा हात सुटायचा. धप्पकन आवाज झाला, पानं उडाली, की मी सगळ्या ताकदीने काठी मागे खेचायचो आणि मोकळा बेडूक सुं करत माझ्याच छातीवर येऊन आदळायचा. तू कपाळाला हात लावायचास. “आरं, मरल बेरूक तोंडात धरते, खाली नेते, मंग गिलते. तू तिला जेवनावरना उठवतंस!” मग तू मला तीनपर्यंत मोजायला लावलंस. मी एकाच श्वासात एकदोनतीन म्हणून काठी खेचली. बेडूक परत छातीवर.

तेव्हा तू मला तुझ्या बापाकडून आलेली रीत सांगितलीस. बेडूक दिसेनासा झाला की बायकोचं नाव घ्यायचं. पुरं, सावकाश, लग्नात घेतात तसं. नाव संपलं की झटका. तुझं बरं होतं. तुझ्या बायकोचं नाव चंद्रभागा. ‘चंद्रभागा’ म्हणून होईपर्यंत मरळ गिळून, ढेकर देऊन मोकळी. मी ‘उमा’ म्हटलं आणि खेचलं. बेडूक छातीवर. तू बराच वेळ विचार केलास आणि मला मोठ्या मनाने माफ केलंस. “तुजे बायकोचा नावच आखूड हाय. त्यात तुजी चूक नाय.” मग मला एक उखाणा बांधून दिलास:

“पानाखाली मरल, पानावर बेरूक गार,
उमाचा नाव घेतंय, मंगच झटका मार.”

पहिल्यांदा उमा तलावावर आली तो दिवस आठव. ती गाडीतून उतरते न उतरते तोच पलीकडच्या काठावरून तुझा आवाज, “उमाचा नाव घे रं! घे उमाचा नाव!” ती जागीच थांबली. “हा माणूस कोण आहे आणि तो माझं नाव घेऊन का ओरडतोय?” मी सगळी रीत समजावून सांगितली. तिने विचारलं, “मग तू घेतोस का नाव?” मी म्हटलं, “घेतो, पण उशिरा आठवतं.” उमा म्हणाली, “लग्नातही तसंच झालं होतं.” तू हसून हसून पाण्यात पाय घालून बसलास, आणि त्या दिवसापासून उमा तुझ्या बाजूची झाली ती झालीच.

तर आता बेडकाकडे येतो. माझ्या सहा रबरी बेडकांकडे तू नुसतं बघायचास. तुझा बेडूक वेगळा होता. वरून पांढरा, खालून निळा, रबरी चपलेच्या तळव्यातून कापलेला, सायकलच्या ट्यूबचे दोन पाय, पाठीवर दोन गळ. पाण्यावर पडला की असा काही बसायचा की मलाही भीती वाटायची, आता हा ओरडणार. चप्पल तुझ्या बापाची. “बा आख्खी जिंदगी मिठागरात अनवानी चालला,” तू सांगितलं होतंस. “ही चप्पल फक्त उरनच्या बाजाराला घालाचा. गेला तवा तला नवाच होता. आता मी त्याला पान्यावर चालवतंय.”

आणि हा बेडूक, दादूस, तू मला दिलास. कायमचा नाही, एका रविवारापुरता. तुम्ही सगळे कुणाच्या तरी हळदीला गेला होतात, अख्खं गाव तिथेच. जाताना तू बेडूक माझ्या तळहातावर ठेवलास आणि माझी बोटं तुझ्या हाताने मिटलीस. “नीट चालव माज्या बाला.”

आता त्या दिवशी काय झालं ते ऐक. मी तुला खरं सांगितलेलं नाही.

तलावाच्या कडेला दोन बांबूंवर भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लावलेला होता. कोणते भाऊ ते राहू दे, तुमच्याकडे दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या भाऊंचा वाढदिवस असतो. गॉगल, गळ्यात जाड साखळी, दोन्ही हात जोडलेले, चेहरा माझ्या गाडीएवढा. मी पाठीमागे न बघता काठी मागे नेली. पुढे फेकली. पुढे काहीच गेलं नाही. वळून बघतो तर बेडूक भाऊंच्या उजव्या कानाच्या पाळीत.

मी हळूच ओढलं. भाऊंचा कान लांब झाला. जरा जोरात ओढलं, तर भाऊंचा सगळा चेहराच माझ्याकडे वळल्यासारखा झाला, आणि हळदीच्या मांडवातला डीजे नेमका त्याच वेळी थांबला. दादूस, मी सरकारी नोकर आहे. भर गावात, भर दुपारी, भाऊंचा कान ओढताना मला कुणी पाहिलं असतं, तर काय सांगणार होतो? उखाणा? खिशात नेलकटर होता. चौदा खिशांमधला तो एकच खिसा त्या दिवशी कामी आला. मी दोरी कापली आणि पळालो. रस्त्याच्या वळणावरून मागे वळून पाहिलं. एवढ्या उंचावर तो निळा-पांढरा ठिपका असा शोभत होता की खालून बघणाऱ्याला वाटावं, भाऊंनी कानात ब्लूटूथ घातलंय.

पुढच्या रविवारी लांब काठी घेऊन लवकर आलो, तर भाऊ गेलेले. बांबू तेच, पण वर दुसरे भाऊ.

तू समोरून येत होतास. “बेरूक?” तू विचारलंस. आणि माझं तोंड माझ्या आधी बोलून गेलं, “दादूस, मरळ घेऊन गेली. अशी मोठी! दोरी तुटली.” तू पाण्याकडे पाहिलंस. मी शिव्यांची वाट बघत होतो. तू एवढंच म्हणालास, “मरलनं नेला? मंग चांगल्या घरी गेला.”

शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं, रे.

त्या उन्हाळ्यात तू रोज बंदराच्या कंटेनर यार्डातल्या ड्युटीवरून सुटलास की तलावाला एक फेरी मारायचास. कंटेनरच्या सीलचे नंबर जुळवून जुळवून लाल झालेले डोळे बारीक करून पानांखाली बघायचास. “बाला घेऊन फिरतंय तो,” म्हणायचास. आणि मी, तुझा सायेब, तुझ्या शेजारी उभा राहून नसलेला मासा शोधायला लागायचो. एकदा तर मीच ओरडलो, “तो बघ!” काय करणार, अंगवळणी पडलं होतं.

पावसाळा तोंडावर आला आणि तुझ्यात काहीतरी बदललं. तू तलावाच्या फेऱ्या बंद केल्यास, पण त्या माशाची गोष्ट मात्र माझ्याकडून पुन्हा पुन्हा सांगून घ्यायला लागलास. कुणी पाहुणा आला की पडवीत मला एका ठरावीक जागी बसवायचास, “सायेब, तू इथंच बस,” आणि पाहुण्याला म्हणायचास, “हेंच्या तोंडून ऐक.” मग मला, “कवरा होता रं मासा?” मी हात पसरायचो. पहिल्या वर्षी मासा कोपरापर्यंत होता. दिवाळीत खांद्यापर्यंत आला. गेल्या होळीला मी उभा राहून दोन्ही हात पसरले, तेव्हा तू आत जाऊन पाणी पिऊन आलास. खोकला आलाय म्हणालास. मी एवढा मूर्ख की तुला आल्याचा चहा प्यायला सांगितलं.

एकदा तर मी वर बघून तुला विचारलंही होतं. पडवीवर पावसासाठी तू जुना फ्लेक्स ताणून बांधला होतास, छापील बाजू खाली. बांबूंच्या आड एक गॉगल, थोडी साखळी, आणि एका जागी सायकलच्या ट्यूबचं गोल ठिगळ. “तिथे पॅच कशाला?” मी विचारलं. तू मान वर न करता म्हणालास, “भाऊंचा कान फुटला रं. लोकांचा ऐकून ऐकून.” मी हसलो. मोठ्याने हसलो! नवी मुंबईत तसले शंभर फ्लेक्स असतात, दादूस, आणि माझं सगळं लक्ष वहिनींच्या तळलेल्या बोंबलांकडे होतं.

आपलं एक भांडण मात्र अर्धंच राहिलं. व्हिडिओत बघून मी ठरवलं होतं की मासा पकडायचा, फोटो काढायचा, सोडून द्यायचा. मला वर्षातून दोन-तीन मिळायचे, तेही वीतभर, आणि ते मी मोठ्या उदार मनाने सोडायचो. ते बघून तुझ्या पोटात खरोखर दुखायचं. “सोराचा हाय तं पकरतंस कशाला? भेटायला?” मी पर्यावरणावर बोलायचो, तू रश्श्यावर बोलायचास. चंद्रभागावहिनी दोघांना गप्प करून ताटं मांडायच्या, आणि तू पकडलेल्या मरळीचं कालवण मी दोनदा मागून घ्यायचो. तेव्हा तू फक्त माझ्या वाटीकडे बघायचास.

काल तुझा दहावा झाला. तलावाच्याच काठावर. पिंड ठेवला, आणि कावळा काही येईना. तो समोरच्या झाडावर बसून सगळ्यांची मजा बघत होता. तुझा भाऊ म्हणाला, पडवीचं काम पुरं करीन. तुझी लेक म्हणाली, आईला एकटं ठेवणार नाही. कावळा मान वाकडी करून बघतोय. लोक एकमेकांना विचारायला लागले, काय राहिलंय ह्याच्या मनात? मागच्या रांगेत उभ्या असलेल्या मला माहीत होतं काय राहिलंय ते. आता सगळ्या गावासमोर, भटजींसमोर, मोठ्याने सांगावं लागणार: बेडूक मी भाऊंच्या कानाला लावला. मी गर्दीतून पुढे आलो, हात जोडले, तोंड उघडलं.

आणि कावळा शिवला. माझ्या तोंडातून अक्षर निघायच्या आधी.

मला बरं वाटायला हवं होतं. उलट वाटलं, तू माझं ऐकूनच घेतलं नाहीस.

दुपारी सगळे पांगल्यावर मी पडवीत, माझ्या त्याच ठरलेल्या जागी बसलो. फोनची बॅटरी संपली होती, तो आत चार्जिंगला लावलेला. हातात काही नाही, समोर बोंबील नाहीत, तू नाहीस, म्हणून पहिल्यांदाच नीट वर बघितलं. गॉगल. साखळी. हार्दिक शुभेच्छांमधलं ‘हार्दि’. आणि बरोबर माझ्या डोक्यावर, उजव्या कानाच्या पाळीला, ते ठिगळ.

मी किती वेळ वर बघत बसलो कोण जाणे. वहिनी कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळलं नाही. त्यांच्या हातात तुझा तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता.

“समजला काय, भावजी?”

त्यांनी डबा उघडला. वरून पांढरा, खालून निळा. गळ्यात माझी दोरी, नेलकटरने कापलेली, दोन बोटं लांब.

“पावसाच्या आधी फ्लेक्स बांदाला वर चरला होता,” वहिनी सांगत होत्या. “कानात हात घातला नी शिरीवरच बसला. इतका हसला, मला वाटला परतंय आता. मी बोलली, सांगा त्यांना, बिचारा तोंड पारून फिरतंय. तं बोलला, नको. मजा हाय. बगूया सायेब कवा बोलतंय.”

म्हणजे, दादूस, तो सबंध पावसाळा, त्यानंतरचे सगळे पाहुणे, माझे कोपर, खांदा आणि पसरलेले दोन्ही हात, सगळं तू मला भाऊंच्या कानाखाली बसवून ऐकलंस. मला थांबायला शिकवता शिकवता स्वतः दोन वर्षं थांबलास. मी पुरता गिळून बसलो होतो आणि तू झटका मारलाच नाहीस.

मी हसायला लागलो. दहाव्याच्या घरात, तुझ्या फोटोसमोर. थांबवता येईना. वहिनी आधी पदराने तोंड दाबून उभ्या होत्या, मग त्यांनी पदर सोडून दिला.

“जा,” डोळे पुसत त्या म्हणाल्या, “पान्याला लावून ये त्याला. दोन वर्सं सुका हाय.”

भिंतीला टेकून ठेवलेला तुझा गळाचा बांबू घेतला. माझी कार्बनची काठी गाडीत होती, पण त्या बेडकाला ती दाखवायची हिंमत झाली नाही. नुसतं पाण्याला लावून परत यायचं होतं. तलावावर कुणी नव्हतं. लांब बंदराच्या क्रेन उभ्या होत्या. आधी मागे वळून बघितलं, कुठले भाऊ नाहीत ना. मग बेडूक पानावर ठेवला. पानावरून पाण्यात, पाण्यातून पुढच्या पानावर. नीट चालवला, दादूस. तुझ्यासारखा नाही, पण नीट.

चौथ्या पानाशी पाणी फुटलं. बेडूक दिसेनासा झाला. माझा हात शिवशिवला, सवयीने. आणि मी ओठातल्या ओठात सुरू केलं, पानाखाली मरल, पानावर बेरूक गार. पुढे उमाच्या जागी तुझं नाव आलं. उमाला सांगू नकोस. पुरं घेतलं, तुझं, तुझ्या बापाचं, गावाचं, सावकाश. मग झटका.

बांबू वाकला आणि वाकलेलाच राहिला.

मासा काठावर आला. आता ह्या वेळी मी हात पसरणार नाही. खरं सांगतो, दीड वीत. फार तर पावणेदोन. पण काळीशार, चकचकीत, डोळ्यांत डोळे घालून बघणारी मरळ, आणि तिच्या जबड्यात तुझा बा, ठणठणीत. फोटो काढायला फोन नव्हता. तिला टोपलीत घालून वहिनींच्या पुढ्यात ठेवावी, सायेबानं आणली म्हणून, असं फार फार वाटलं. अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदा मला मासा सोडायचा नव्हता. पण घरात सुतक, तेराव्यापर्यंत तव्याला मासा लागणार नाही. आणि सुतक कुणाचं? तुझंच! जाता जाताही भांडण मला जिंकायला लावलंस आणि त्यातली चव काढून घेतलीस.

गळ काढला. तिला दोन्ही हातांनी पाण्यात धरलं. ती लगेच गेली नाही. थोडा वेळ तिथेच श्वास घेत राहिली, मग पानाखाली गेली.

पडवीत परत आलो तर पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, बेडकाकडे पाहिलं.

“गावला काय?”

“गावला.”

“कवरा?”

मी दोन्ही हातांनी दाखवलं. दीड वीत. त्यांनी माझ्या हातांकडे बारीक नजरेने पाहिलं. “खोटा बोलतंस. मोठा असंल.” मग रिकाम्या बांबूकडे बघत म्हणाल्या, “मंग कुठं हाय?”

“सोडला.”

“सोरलास? मंग पकरलास कशाला?”

“भेटायला,” मी म्हटलं.